जोडतिकिटाचा परतावा

डिचोलीच्या माणसाचा दूरचा प्रवास एकाच वाहनात पुरा व्हावा, असा योग इतिहासात फारसा आलेला नाही. खुद्द गावास ना समुद्रकिनारा आहे, ना रेल्वेचे स्थानक. पोर्तुगीज अमदानीत मुंबईस जावयाचे झाले, तर आधी पणजी गाठून आगबोटीत बसावे लागे, नाही तर मुरगावाकडे जाऊन रेल्वे धरावी लागे. मुरगाव बंदरातून निघणारी ही रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बांधली गेली. कॅसलरॉकला पोर्तुगीज हद्दीतील रूळ संपत आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील रूळ सुरू होत. म्हणजे प्रवास एक, पण त्याचे तुकडे दोन-तीन, आणि प्रत्येक तुकड्याचा धनी निराळा. पुढे वाहने बदलली. आज डिचोलीची मुले दिल्लीस, बंगळुरास किंवा आखातात विमानाने जातात. तथापि प्रवासाचे हे तुकडे आणि त्यांचे सांधे काही नाहीसे झालेले नाहीत.

प्रवासाचा सांधा निखळला, म्हणजे एक जुनाच प्रश्न उभा राहतो. प्रवास झाला नाही, किंवा अर्धाच झाला, तर भरलेले पैसे कोणी, किती आणि कोणत्या हिशेबाने परत करावयाचे? एकाच तऱ्हेचे तिकीट असेल, तर या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. परंतु जाताना महाग आणि सैल अटींचे तिकीट, येताना स्वस्त आणि कडक अटींचे, किंवा पहिला टप्पा एका कंपनीचा आणि दुसरा दुसरीचा, असा संयोग झाला की उत्तर अवघड होते. हे उत्तर कसे घडत गेले, त्याचा इतिहास जवळजवळ शंभर वर्षांचा आहे, आणि तो डिचोलीच्या प्रवाशाच्या खिशाशी येऊन भिडतो.

विमानाच्या तिकिटास कायद्याचे रूप प्रथम मिळाले ते १२ ऑक्टोबर १९२९ रोजी झालेल्या वॉर्सा करारात. तिकीट म्हणजे केवळ पैशाची पावती नव्हे, तर प्रवासी आणि वाहतूकदार यांच्यातील कराराचा पुरावा होय, हे तत्त्व या कराराने रूढ केले. त्याच करारात सांध्याचाही विचार झालेला आढळतो. एकामागून एक अशा अनेक वाहतूकदारांनी केलेला प्रवास, उभय पक्षांनी तो एकच व्यवहार मानला असेल, तर कायद्याच्या दृष्टीने अखंड प्रवास समजावा, मग त्यासाठी करार एक झालेला असो वा अनेक, असे त्यात नमूद आहे. हिंदुस्थानात हा करार १९३४ च्या कायद्याने लागू झाला. त्यानंतर १९७२ चा कायदा आला, आणि १९९९ च्या माँट्रियल करारात भारत २००९ साली सामील झाला. या करारांचा मुख्य विषय अपघात, विलंब आणि सामानाची हानी यांची जबाबदारी हा आहे. परताव्याचे दर त्यांनी ठरविले नाहीत. पण ‘प्रवास एक की अनेक’ हा जो प्रश्न त्यांनी विचारला, तोच पुढे परताव्याच्या नियमांचाही कणा बनला.

गोव्याच्या आकाशात प्रवासी विमाने आली ती एका अडचणीच्या काळात. १९५५ साली गोवामुक्तीचा सत्याग्रह ऐन भरात होता. भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली आणि रेल्वेची वाहतूक थांबली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दाबोळीचा विमानतळ सुरू झाला, आणि पोर्तुगीज सरकारने ‘ताइप’ या आद्याक्षरी नावाची विमान कंपनी उभी केली. तिची विमाने कराचीस, तसेच दमण आणि दीव येथे जात. पुढे हा मार्ग लिस्बनपर्यंत लांबला. शेजारचा भारत बंद आणि दूरची कराची खुली, अशी त्या वेळी गोमंतकाची विलक्षण स्थिती होती. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, ‘ताइप’चा कारभार आटोपला, आणि दाबोळी भारतीय नौदलाच्या ताब्यात आली.

त्या काळी जगभर तिकिटांची जी रीत होती, ती आजच्या मानाने उदार म्हणावी लागेल. १९४५ च्या एप्रिलमध्ये हवाना येथे विमान कंपन्यांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. भाडी या संघाच्या परिषदांत ठरत, आणि एका कंपनीने दिलेले तिकीट दुसरी कंपनी मान्य करी. प्रत्येक टप्प्यास एक, अशा कुपनांची ती लहानशी पुस्तिका असे. कोणत्या कंपनीने कोणाचा प्रवासी नेला आणि कोणाचे कोणास किती देणे निघाले, याची फेड करण्यासाठी या संघाने १९४७ साली आपले हिशेबघर सुरू केले. पुऱ्या भाड्याच्या अशा तिकिटाची मुदत सामान्यतः एक वर्षाची असे, आणि न वापरलेल्या कुपनांचे पैसे परत मिळत. सगळे टप्पे एकाच तऱ्हेच्या भाड्याचे असल्यामुळे त्यांची जोडणी कोणाला खुपत नसे.

ही सरलता स्वस्ताईने मोडली. १९५२ साली उत्तर अटलांटिकवर ‘टूरिस्ट’ वर्ग सुरू झाला. पुढे सहलीची भाडी आली, अमुक दिवस आधी पैसे भरणाऱ्यास सवलत आली, आणि प्रत्येक सवलतीच्या शेपटीस एकेक अट बांधलेली आली. १९७८ साली अमेरिकेने भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविले, तेव्हापासून या प्रकारास उधाण आले. यामागील विचार व्यापारी आहे. विमान उडाले की रिकामी खुर्ची नासक्या मालासारखी होते आणि ती पुन्हा विकता येत नाही. म्हणून जो प्रवासी आपला बेत लवकर ठरवून त्यास बांधून घेतो, त्यास कंपनी स्वस्तात नेते. ज्यास बेत बदलण्याची मुभा हवी असते, त्याच्याकडून त्या मुभेची किंमत घेते. स्वस्त तिकिटाचा परतावा मिळत नाही, तो याच सौद्याचा भाग म्हणून.

भारतात हे वारे उशिरा पोचले. १९५३ च्या कायद्याने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. तो कायदा १९९४ साली रद्द झाला. २००३ च्या ऑगस्टमध्ये एअर डेक्कनने स्वल्प भाड्याची विमाने सुरू केली, आणि एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोन माणसांची भाडी निरनिराळी असू शकतात, हे मध्यमवर्गाच्या अनुभवास आले. २००८ च्या जूनपासून कागदी तिकीटही मागे पडले. कुपनांची पुस्तिका गेली, तिच्या जागी आकड्यांची नोंद आली. पण कुपनाची कल्पना त्या नोंदीत कायम राहिली, आणि परताव्याचा हिशेब आजही कुपनागणिकच होतो.

हा हिशेब जोडतिकिटात कसा होतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. डिचोलीचे एखादे कुटुंब दिल्लीच्या लग्नासाठी येण्याजाण्याचे एकच तिकीट काढते. जाण्याचे भाडे ९,००० रुपये असून ते ३,००० रुपये कापून परत मिळण्याजोगे आहे. येण्याचे भाडे ५,००० रुपये असून ते परत न मिळणारे आहे. कर आणि विमानतळाची शुल्के मिळून २,००० रुपये होतात. लग्न पुढे गेले आणि प्रवास सुरू होण्यापूर्वीच तिकीट रद्द केले, तर काय मिळेल? येथे कंपन्यांच्या नियमांत दोन पंथ आढळतात. पहिल्या पंथाचे नियम प्रत्येक भाडे वेगळे मोजतात. जाण्याचे ६,००० आणि करांचे २,००० असे ८,००० रुपये परत येतात, येण्याचे ५,००० बुडतात. दुसऱ्या पंथाचे नियम असे सांगतात की, भाडी जोडली म्हणजे त्यांतील सर्वांत कडक अट साऱ्या तिकिटास लागू होते. त्या हिशेबाने भाड्यातील एक पैही मिळत नाही, फक्त करांचे २,००० रुपये परत येतात. काही नियमांत याचाच सौम्य प्रकार दिसतो. तेथे टप्प्याटप्प्यावर वेगवेगळे शुल्क न घेता, सर्वांत मोठे जे शुल्क असेल तेवढेच एकदा घेतात. तिकीट तेच, पैसेही तेवढेच, परंतु कोणता पंथ लागू आहे यावर ६,००० रुपयांचे अंतर पडते. दही आणि दूध एकत्र केले म्हणजे दुधाचे दही होते, दह्याचे दूध होत नाही. दुसऱ्या पंथाचा न्याय असा आहे.

अर्धा प्रवास झाल्यावर उरलेला रद्द केला, तर हिशेब आणखी फसवा असतो. समजा, आखातास जाण्यायेण्याचे तिकीट ३०,००० रुपयांचे आहे. तेथे पोचल्यावर परतीचा बेत रहित झाला. सामान्य माणसास वाटते की, निम्मे पैसे परत यावेत. पण कंपनी असे म्हणते की, जाण्यायेण्याची सवलत दोन्ही टप्पे वापरणारासाठी होती. ज्याने एकच टप्पा वापरला, त्यास एकेरी भाडे लागू. ते एकेरी भाडे २२,००० रुपये असेल आणि रद्द करण्याचे शुल्क ४,००० असेल, तर हाती ४,००० रुपये आणि न वापरलेल्या टप्प्याचे कर एवढेच येतात. एकेरी भाडे मूळ रकमेहून अधिक असल्यास भाड्यातील काहीच उरत नाही. याच तर्काने, अशा तिकिटाचा पहिला टप्पा न कळविता चुकविला तर पुढचे टप्पेही बहुधा आपोआप रद्द होतात. कुपने क्रमानेच वापरावयाची, हा जुना दंडक आकड्यांच्या नोंदीतही चालत आलेला आहे.

या सगळ्या कडकपणात प्रवाशाच्या बाजूचा एक पक्का आधार आहे, आणि तो भारतात नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनी दिला. परताव्यासंबंधीचा पहिला स्वतंत्र नियम २००८ च्या मे महिन्यात निघाला. त्यात १ ऑगस्ट २०१६ पासून महत्त्वाची सुधारणा झाली. तिकिटाच्या रकमेचे दोन भाग तीत स्पष्टपणे वेगळे धरलेले दिसतात. मूळ भाडे आणि इंधन अधिभार हे कंपनीचे उत्पन्न. सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के ही मात्र कंपनीने दुसऱ्यासाठी गोळा केलेली ठेव. प्रवास झालाच नाही, तर ती ठेव ठेवून घेण्याचा अधिकार कंपनीस उरत नाही. म्हणून तिकीट कितीही स्वस्त असो, मूळ भाडे परत न मिळणारे असो, प्रवासी विमानतळावर उगवलाच नसो, तरी कर आणि ही शुल्के परत केली पाहिजेत, असे त्या नियमाने ठरविले. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक नसावे, असेही बजावले. एजंटाकडून काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही कंपनीवर टाकली, कारण एजंट हा तिचाच नेमलेला प्रतिनिधी. शिवाय, परताव्याची रक्कम पुढील प्रवासासाठी कंपनीकडे जमा ठेवावयाची की रोख घ्यावयाची, हे प्रवाशाने ठरवावे, असा निर्वाळा दिला. २०१९ च्या प्रवासी सनदेने तिकीट काढल्यापासून २४ तासांत, प्रवास किमान सात दिवस दूर असल्यास, विनाशुल्क रद्द करण्याची मुभा दिली. हा अवधी ४८ तासांचा करण्याचा मसुदा २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला.

या नियमांची खरी कसोटी संकटात लागली. २५ मार्च २०२० रोजी महामारीमुळे देशांतर्गत विमाने थांबली, आणि लक्षावधी तिकिटे एकाच वेळी निरुपयोगी झाली. कंपन्यांनी पैशांऐवजी पुढील प्रवासाची जमा देऊ केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने, टाळेबंदीच्या काळात त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत करण्याचा आदेश झाला. त्यापूर्वी काढलेल्या तिकिटांच्या बाबतीत कंपनी आर्थिक विपन्नावस्थेत असेल, तर ३१ मार्च २०२१ पर्यंत जमा वापरू द्यावी, तीत दरमहा ठराविक वाढ धरावी, आणि न वापरल्यास मुदतीअंती पैसे द्यावेत, असे ठरले. प्रवासी आपल्या इच्छेने थांबला की त्यास थांबविले गेले, हा भेद या निकालाने ठळक केला. कंपनीनेच विमान रद्द केले तर स्वस्त तिकिटाची कडक अट प्रवाशाविरुद्ध उगारता येत नाही, कारण करार त्याने मोडलेला नसतो.

परंतु सर्वांत कठीण प्रसंग येतो तो कंपनीच कोलमडते तेव्हा, आणि या प्रसंगाची झळ उत्तर गोव्यास अगदी दारात लागली. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. डिचोलीकरांस दाबोळीपेक्षा हा विमानतळ सोईचा. तेथून आरंभीच विमाने सोडणाऱ्या कंपन्यांत गो फर्स्ट ही एक होती. चार महिनेही लोटले नाहीत, तोच ३ मे २०२३ रोजी तिची सर्व उड्डाणे थांबली. १० मे रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिची दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली, आणि २० जानेवारी २०२५ रोजी कंपनीच्या अवसायनाचा आदेश निघाला. तिकीट काढलेला प्रवासी अशा वेळी ग्राहक राहत नाही, तो एक लहानसा ऋणको-पीडित धनको होतो. बँका आणि विमानांचे मालक यांच्या मागे रांगेत उभे राहून त्याने आपला दावा दाखल करावयाचा असतो.

अशा वेळी जोडतिकीट एका कागदावर होते की दोन, यावर सारे अवलंबून असते. जाण्याचे तिकीट बुडालेल्या कंपनीचे आणि परतीचे दुसऱ्या कंपनीचे स्वतंत्र असेल, तर पहिल्याचे पैसे दाव्यात अडकतात. दुसरी कंपनी आपल्या अटीप्रमाणे शुल्क कापते, कारण तिचे विमान तर उडणारच असते. पहिल्याच्या मरणाशी दुसरीस कर्तव्य नसते. याच्या उलट, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर ज्या कंपनीने ते तिकीट दिले, तिच्याकडे परताव्याची मागणी करता येते. तेरा आकडी तिकीट क्रमांकाचे पहिले तीन आकडे हे तिकीट देणाऱ्या कंपनीची खूण असतात. एअर इंडियाची खूण ०९८ आहे. विमान कोणाचेही असो, हिशेबाचा धनी कोण, हे ते तीन आकडे सांगतात. जोडविमान चुकल्याबद्दलची भरपाईही भारतीय नियमांत एकाच तिकीट क्रमांकावरील प्रवासाशी बांधलेली आहे. वॉर्साच्या करारात विचारलेला ‘प्रवास एक की अनेक’ हा प्रश्न असा पेडण्याच्या पठारावर येऊन पोचला.

येथे रेल्वेचे एक उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. डिचोलीस जवळचे मोठे स्थानक म्हणजे कोकण रेल्वेवरील थिवी. १ एप्रिल २०१९ पासून भारतीय रेल्वेने दोन स्वतंत्र आरक्षणे एकमेकांस जोडून घेण्याची सोय दिली. पहिली गाडी उशिरा पोचल्यामुळे दुसरी चुकली, तर नियमातील अटी पाळल्यास दुसऱ्या गाडीचे भाडे न कापता परत मिळते. तिकिटे दोन असूनही प्रवास एक, हे रेल्वेने मान्य केले. अर्थात रेल्वेस हे सोपे जाते, कारण दोन्ही गाड्यांची मालकी बहुधा एकाच घरची. स्वतंत्र विमान कंपन्यांनी दुसऱ्याच्या उशिराचा भार आपण होऊन उचलावा, अशी अपेक्षा करणे कठीण. म्हणून तेथे तो भार बहुतेक वेळा प्रवाशावरच पडतो, आणि स्वस्त दोन तिकिटांत वाचलेले पैसे ही त्या जोखमीचीच किंमत असते.

दोन तिकिटे घेणे नेहमीच चूक असते, असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्या परतीचा बेत पक्का नाही, त्यास स्वतंत्र तिकिटेच हिताची. त्यायोगे परतीच्या कडक अटीचा विटाळ जाण्याच्या तिकिटास होत नाही, आणि अर्ध्या प्रवासानंतर एकेरी भाड्याचा हिशेबही उकरला जात नाही. उलट, ज्यास मुंबईत किंवा दिल्लीत विमान बदलून परदेशी नोकरीवर ठरलेल्या दिवशी हजर व्हावयाचे आहे, त्याने सारे टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत, थोडे अधिक पैसे पडले तरी. पहिल्यास मुभा हवी असते, दुसऱ्यास हमी. एकच तिकीट प्रवाशास बांधते खरे, पण त्याबरोबर ते कंपनीसही बांधते.

डिचोलीच्या बाजारात एजंटाच्या मेजासमोर बसलेला प्रवासी बहुधा एकच आकडा विचारतो, तिकीट कितीला पडेल? त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारून घेतल्या, तर पुढचा मनस्ताप टळतो. तिकीट एक की दोन? जोडलेल्या भाड्यांत कडक अट सर्वांस लागू होते की ज्याची त्यास? आणि रकमेत भाडे किती, कर किती? शेवटच्या आकड्याएवढी रक्कम, प्रवास झाला नाही, तर प्रवाशाचीच असते. ती मागण्यास संकोच करण्याचे कारण नाही, आणि न मागता ती सोडून देण्याचे तर मुळीच नाही.